किमभाऊचा गुडघा

घंटीची दोरी उजव्या हातात, डावा हात वरच्या दांडीला, तिकिटाचं मशीन पोटावर आणि नजर चष्म्यावरून आमच्याकडे. गोष्टीतल्या दाराच्या पलीकडे कोण उभं आहे हे आता कळणार, एवढ्यात ते दोरी ओढायचे आणि म्हणायचे, "कायर आलं. गुरुजी, उतरा. बाकी उद्या."

आमच्या बसचे कंडक्टर असे होते. वणीहून झरीकडे जाणाऱ्या सकाळच्या लाल बसमध्ये रोज अप-डाउन करणारे आम्ही काही ठरलेले लोक. मी उपकेंद्रातली नर्स, मुकुटबनला उतरणारी. गुरुजी कायरच्या शाळेतले. बाकी कोणी झरीच्या कचेरीत, कोणी बँकेत. रोजची बस म्हणजे काय असतं, हे तुम्हालाही माहीत असेल. माणसं एकमेकांची डब्यातली भाजी ओळखतात, पण आडनाव विचारायचं राहून जातं. त्यांनाही आम्ही सगळे नुसतं भाऊ म्हणायचो.

आता त्या फेरीला दुसरे कंडक्टर आहेत. सज्जन माणूस. तिकीट देतात, सुट्टे परत देतात आणि आपल्या जागेवर जाऊन बसतात. सगळ्यांच्या कानात मोबाइलची बोंडं असतात. कोणाचा स्टॉप चुकत नाही.

भाऊंच्या काळात चुकायचा. याला कारण कोरिया.

झालं असं की एकदा वणीच्या बाहेर कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती आणि बस हलायला तयार नव्हती. गुरुजींनी वर्तमानपत्र दोनदा वाचून संपवलं होतं. भाऊ तिकिटं देऊन मोकळे झाले, खिडकीतून रांग बघितली आणि म्हणाले, "कोरियाची एक गोष्ट हाये. सांगू का?" गुरुजींनी विचारलं, कोरियाचं आणि तुमचं काय नातं? भाऊ म्हणाले की मोबाइलवर हिंदीतून येते, मारधाडीची मालिका आहे, पण मारधाड वेगळी आहे. गुरुजींनी नाक मुरडलं. रांग हलली तेव्हा सगळ्यात जास्त चिडले ते गुरुजीच, कारण गोष्ट अर्धी राहिली होती.

गोष्टीतली नावं भाऊंनी आधीच सोपी करून टाकली होती. त्यांचं म्हणणं, कोरियात सगळेच किम, पार्क नाही तर ली, त्यात आपल्या लोकांचा गोंधळ होतो. म्हणून हिरो तो किमभाऊ. खलनायक तो चेअरमन साहेब. पोलिसातली एक बाई होती, ती ठाणेदारीण. किमभाऊ लिफ्ट दुरुस्त करणारा साधा मिस्त्री. त्याची धाकटी बहीण चेअरमन साहेबांच्या उंच इमारतीत कामाला होती. एक दिवस ती लिफ्टने वर गेली आणि खाली आलीच नाही. आणि इमारतीतला प्रत्येक माणूस म्हणतो, अशी मुलगी इथे कधी कामाला नव्हतीच. एवढं ऐकल्यावर कोण कायरला उतरेल? एकदा गुरुजी उतरले नाहीत. थेट मुकुटबनपर्यंत आले आणि परतीच्या जीपने शाळेत गेले. मुख्याध्यापकांना काय सांगितलं ते आम्हाला कधी कळलं नाही.

भाऊ नुसती गोष्ट सांगून थांबत नसत. गोष्ट चालते कशी, हे उलगडून दाखवायची त्यांना हौस. तिकीट फाडल्यासारखा एकेक मुद्दा आमच्या हातात द्यायचे. चेअरमन साहेब ओरडत का नाही? तर म्हणे ओरडणाऱ्या माणसाला कोणी भीत नाही. हा माणूस नोकराच्या बायकोची तब्येत विचारतो, स्वतः चहा ओतून देतो आणि मग त्याच नोकराला गायब करतो. हे सांगताना भाऊंचा आवाजही एकदम गोड व्हायचा आणि आमच्या अंगावर काटा यायचा.

दुसरं म्हणजे जेवण. मारामारीच्या आधी जेवण पाहिजेच, असं त्यांचं ठाम मत होतं. किमभाऊ रोज एका म्हातारीच्या टपरीवर गरम शेवया खातो. एखाद्या दिवशी ती न विचारता त्याच्या वाडग्यात एक अंडं जास्तीचं टाकते. "अंडं दिसलं का समजा," भाऊ म्हणायचे, "आज याले मार पडते." हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं की कोणी कोणाला डब्यातलं जास्तीचं थालीपीठ दिलं तर गुरुजी लगेच म्हणायचे, सांभाळा, आज साहेबांची मीटिंग दिसते.

पण सगळ्यात मोठा मुद्दा गुडघ्याचा. दुसऱ्याच भागात चेअरमन साहेबांची माणसं किमभाऊचा उजवा गुडघा लोखंडी पाइपने फोडतात. आम्हाला वाटलं, दोन दिवसांत बरा होईल. आपल्याकडच्या सिनेमात हिरोच्या डोक्याला पट्टी असते आणि पुढच्या गाण्यात तो नाचत असतो. इथे तसं नव्हतं. तिसऱ्या भागात गुडघा दुखतो. पाचव्यात दुखतो. जिना चढताना दुखतो, पाऊस आला की दुखतो. समोर शत्रू उभा आहे आणि किमभाऊ आधी भिंतीला हात लावून पाय सरळ करतो.

"यातच सगळी गंमत हाये, सिस्टर," भाऊ मला म्हणाले. "मार खाणं सोपं. पण याचं दुसऱ्या दिवशीबी दुखते. आपल्याले वाटते, हा आपल्यातला हाये."

मला तेव्हा वाटलं, माणूस रिकामा दिसतो, रात्रंदिवस मोबाइल बघतो आणि आमच्यावर उतरवतो. बस सुटायच्या आधी ते डेपोतल्या बाकावर मोबाइल कानाशी धरून बसलेले असायचे, डोळे मिटून, ओठ हलवत. परीक्षेच्या दिवशी पोरं करतात तसं. गोष्ट सांगताना मध्येच थांबून विचारायचे, "हे ध्यानात आलं काय? का पुन्हा सांगू?" आम्ही कोण इतके महत्त्वाचे, असं मला वाटायचं.

एके दिवशी दुपारी मी मीटिंगसाठी वणीच्या सरकारी दवाखान्यात गेले होते. बायकांच्या वॉर्डावरून जाताना ओळखीचा आवाज आला. चेअरमन साहेबांचा, तो गोड आवाज. मी दारातून डोकावले. भाऊ खाकी कपड्यातच स्टुलावर बसले होते. समोर खाटेवर एक मुलगी कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, हाताला सलाइन. एकोणीस-वीस वर्षांची असेल. तिचे डोळे मिटलेले होते, खालचा ओठ दाताखाली होता, आणि भाऊ तिला सांगत होते की लिफ्टचं दार उघडलं आणि आत कोणीच नव्हतं, नुसती बहिणीची एक चप्पल होती. सकाळी आम्हाला बसमध्ये सांगितलेलं, जवळपास शब्दन् शब्द तेच. आम्हाला जिथे कळलं नव्हतं ते इथे सोपं केलेलं. आम्ही ज्याला हसलो ते थोडं जास्त रंगवलेलं.

तेव्हा मला कळलं की आमची बस म्हणजे त्यांची तालीम होती.

ती त्यांची मुलगी दीक्षा. सिकलसेलची. आमच्या भागात हा आजार घरोघरी माहीत आहे, पण तुमच्या बाजूला नसेल तर सांगते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि मग हाडं दुखतात. दुखतात हा शब्द फार लहान आहे. बाळंतपणाच्या कळा सोसलेल्या बाया मला सांगतात की त्यापेक्षा हे जास्त. कधी येईल सांगता येत नाही, कधी थांबेल तेही नाही. आईकडून एक आणि वडलांकडून एक असे दोन दोष आले की होतो; एकच असला तर माणूस नुसता वाहक. भाऊंनी स्टुलावरून उठून, वॉर्डाबाहेर येऊन मला हे असं सांगितलं, "मी ड्युटीवर बी वाहक अन् घरी बी वाहक, सिस्टर." छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवून हसले.

मालिका मुळात दीक्षाची. तीच बघायची, भाऊ नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, पण अर्धं वर्ष खाटेवर. दुखणं उठलं की मोबाइलचा उजेड सहन होत नसे, हात सलाइनला बांधलेला असे. म्हणून ती वडलांना म्हणाली, तुम्ही पाहा आणि मला सांगा. भाऊंनी आयुष्यात गोष्ट सांगितली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी पूर्ण भाग चार वाक्यांत संपवला आणि दीक्षा पुन्हा कण्हायला लागली. ते आठवून भाऊ म्हणाले, "गोष्ट संपली अन् दुखणं तसंच बाकी. मंग म्या ठरवलं, गोष्ट लांबली पाह्यजे. दुखण्याइतकी तरी."

म्हणून बस. म्हणून डेपोतला बाक. दाराशी थांबायचं कसं, खलनायकाला हळू बोलवायचं कसं, कुठे माणूस ऐकणं सोडतो आणि कुठे श्वास धरतो, हे सगळं ते आमच्यावर करून बघत होते. कोरियाची मालिका कशामुळे चालते, हा त्यांच्यासाठी गप्पांचा विषय नव्हता. पोरगी पुढच्या इंजेक्शनपर्यंत टिकली पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब होता.

मी हे बसमध्ये सांगितलं. सांगायला नको होतं असं कोणी म्हणेल, पण आमच्या बसमध्ये काही लपून राहत नाही. त्यानंतर आमचं ऐकणं बदललं. गुरुजी वही तपासल्यासारखे बारीक चुका काढायला लागले, इथे थोडं लवकर झालं, इथे बहिणीचं नाव आलं पाहिजे. ड्रायव्हर, एरवी एक शब्द न बोलणारा माणूस, रंगात आलेला भाग असला की गाडी हळू घ्यायचा. झरीला बस उशिरा पोचते अशी तक्रारही गेली म्हणतात.

मी वणीतच राहत असल्यामुळे दीक्षाकडे जाणं-येणं सुरू झालं. नर्स म्हणून माझ्याजवळ द्यायला काय होतं? पाणी भरपूर पी, थंडीत फिरू नको, गोळ्या चुकवू नको. हे तिला माझ्यापेक्षा आधी पाठ होतं. ती माझ्या तोंडचं वाक्य पूर्ण करायची आणि वर म्हणायची, "सिस्टर, तुम्ही सुट्टीच्या दिवशी तरी सुट्टी घ्या न." कशी आहेस विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "किमभाऊसारखी." म्हणजे चालते, पण लंगडत.

घरात भाऊंच्या गोष्टीला एकच विरोधक होती, त्यांची बायको. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. विहारात रविवारच्या वंदनेला पहिली हजर असणारी, आवाजात गोडवा असलेली बाई, पण गोष्ट सुरू झाली की भांडी आपटायची. आजारी पोरीसमोर दिवसभर काय मुडदे पाडता, असं तिचं म्हणणं. दवाखान्यातसुद्धा भाऊ सांगायला लागले की ती खाटेच्या पायथ्याशी तोंड फिरवून बसायची आणि दीक्षाचे तळपाय चोळत राहायची. एकही भाग तिने ऐकला नाही, अशी आमची सगळ्यांची समजूत होती.

गोष्टीला हुंकारा लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. सांगणारा एक वाक्य सांगतो, ऐकणारा हं म्हणतो, मगच सांगणारा पुढे जातो. भाऊ या बाबतीत फार कडक. दीक्षाने हं म्हटल्याशिवाय ते पुढचा शब्द काढत नसत. मला आधी हा लाड वाटला. नंतर लक्षात आलं की तिला कळ आली की हं यायला वेळ लागतो. मग भाऊ थांबायचे. कळ जाईपर्यंत किमभाऊसुद्धा भिंतीला हात लावून उभा राहायचा. ती दातावर दात दाबून हं म्हणायची आणि तो पुढचं पाऊल टाकायचा. फारच दुखत असलं तर ती बोलायची नाही, भाऊंच्या बोटावर बोट दाबायची. तोही हुंकाराच.

एका आठवड्यात तिला फार त्रास झाला. औषधाने उतार पडत नव्हता आणि ती इतकी ओरडली की शेजारच्या खाटेवरची बाई बाहेर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी भाऊ ड्युटीवर आले, तिकिटं दिली आणि दांडीला धरून उभे राहिले, पण गोष्ट सुरू करेनात. मग म्हणाले की मालिकेचे भाग संपत आले आहेत, आता काही भाग ते स्वतःच जोडून सांगतात, दीक्षाला ते चालतं. आणि विचारलं, "किमभाऊचा गुडघा बरा केला तं चालन का?"

आम्ही सगळ्यांनी एका तोंडाने होकार दिला. आपल्या हातात काही नसताना कोणी एवढं विचारलं तर माणूस काय म्हणणार? गुरुजी म्हणाले, सांगणाऱ्याला तेवढा अधिकार असतो. झरीच्या एका कोलाम आदिवासी आजीबाईंनी, ज्या नेहमी मागच्या सीटवर टोपली घेऊन बसायच्या, कोणता पाला वाटून लावायचा तेही सांगितलं. मी, औषधांची नर्स, मीही म्हटलं की लेप चांगला आहे. सगळ्या बसने मिळून त्या दिवशी गुडघा बरा केला. शेवयावाल्या म्हातारीने लेप लावला, किमभाऊ रात्रभर झोपला आणि सकाळी उठून धावला. ड्रायव्हरने विनाकारण हॉर्न वाजवला. आम्ही सगळे फार खूश होतो.

दुसऱ्या दिवशी भाऊंचं तोंड पाहिलं आणि मी काही विचारलंच नाही. मुकुटबन यायच्या आधी त्यांनी आपणहून सांगितलं. दीक्षाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. हुंकारा मात्र मध्येच बंद केला होता. मग म्हणाली होती, "बाबा, सगळे मले म्हणते बरी होशीन. एकच माणूस होता ज्याचं दुसऱ्या दिवशी बी दुखत होतं. त्याले बी तुम्ही बरं केलं." आणि भिंतीकडे तोंड केलं.

"आपण चुकलो, सिस्टर," भाऊ म्हणाले. त्यांनी मला एकटीला दोष दिला नाही, आपण म्हणाले, आणि ते मला जास्त लागलं.

पुढचे काही दिवस तिने गोष्ट ऐकली नाही. दुखणं उठायचं, भाऊ स्टुलावर बसायचे आणि दोघंही गप्प. भाऊ मला म्हणाले की तिचं ओरडणं त्यांना चालतं, हे गप्प राहणं चालत नाही. बसमध्येही सगळं शांत झालं. कायर आलं की गुरुजी न सांगता उतरायचे.

शेवटी भाऊंनीच तोड काढली. ती शेवयावाली म्हातारी, त्यांनी जाहीर केलं, चेअरमन साहेबांच्या माणसांतली होती. लेपाने गुडघा बरा झाला नव्हता, नुसता बधिर झाला होता. किमभाऊ दिवसभर धावला आणि संध्याकाळी गुडघा पहिल्यापेक्षा दुप्पट सुजला. आमच्या बसला हे ऐकून धक्का बसला. जास्तीचं अंडं देणारी म्हातारी अशी निघावी! मागच्या सीटवरच्या आजी तर दोन दिवस भाऊंशी बोलल्या नाहीत. पण दीक्षाने भिंतीकडचं तोंड फिरवलं. गुडघा किती सुजला, असं विचारलं. भाऊंनी हाताने दाखवलं. तिने हं म्हटलं.

त्या दिवशी ते आम्हाला सांगताना चष्मा पुसत होते. गुरुजींनी सगळ्या बसला चहा पाजायचं कबूल केलं आणि खरंच पाजला.

आता जे सांगायचं आहे ते लवकर सांगून टाकते, नाही तर माझ्याच्याने व्हायचं नाही.

थंडीचे दिवस होते. दीक्षाला आधी ताप आला, मग छातीत दुखायला लागलं. सिकलसेलमध्ये छातीत दुखायला लागलं की आम्ही नर्स लोक एकमेकींकडे बघतो, बोलत नाही. मी ड्युटीवरून परत आले ती स्टँडवरूनच दवाखान्यात गेले. अजून ऊन होतं. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, श्वास लहान लहान चालला होता. यवतमाळला हलवायचं का, हे डॉक्टरांनी दोनदा येऊन पाहिलं होतं, पण वाटेत टिकण्यासारखी ती नव्हती. जे करायचं ते इथेच, आणि जे करता येण्यासारखं होतं ते सगळं करून झालं होतं. तरुण डॉक्टर होते. त्यांनी मला बाजूला घेऊन हे सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

भाऊ स्टुलावर होते. तिचं बोट त्यांच्या बोटावर होतं. वहिनी पायथ्याशी नेहमीच्या जागी बसून तळपाय चोळत होत्या. किमभाऊ इमारतीत शिरला होता. चेअरमन साहेबांना खाली पळता येऊ नये म्हणून लिफ्ट त्याने स्वतःच बंद केली होती. त्यामुळे त्याला आता जिना चढायचा होता, त्या गुडघ्याने, शेवटच्या मजल्यापर्यंत. भाऊ एकेक पायरी सांगत होते. कुठला हात कठड्यावर, कुठला पाय आधी. घाई नाही, मारामारी नाही. एक मजला झाला की ते थांबायचे. दीक्षा बोट दाबायची. मग दुसरा मजला.

मी तिची नाडी धरून उभी होते. दाब कमी होत चालला होता, नाडीचाही आणि बोटाचाही. एका मजल्यावर भाऊ थांबले आणि बोट हललं नाही. ते वाट बघत राहिले. पूर्वी कळ जाईपर्यंत थांबायचे तसे. तोंड तिच्याकडेच, डोळ्याची पापणी न हलवता.

तेव्हा पायथ्याकडून आवाज आला. "हं."

वहिनींचा. तोंड फिरवलेलंच होतं, हात तळपायांवर फिरत होता. भाऊंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढची पायरी सांगितली. वहिनींनी पुन्हा हं म्हटलं. मग कळलं की त्या बाईने सगळे भाग ऐकले होते. कारण भाऊ एका ठिकाणी अडखळले, बहीण कोणत्या मजल्यावर आहे हे त्यांना आठवेना, आणि वहिनींनीच सांगितलं, "अजून वर हाये ते. चला तुम्ही."

माझ्या बोटांखाली नाडी थांबली होती. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते आले, तपासलं, डोळ्यांवर उजेड टाकला आणि मागे सरले. त्यांनी काहीतरी म्हणायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे ते मी म्हणायचं होतं. मी हे किती घरांत म्हटलं आहे. त्याची माझी ठरलेली वाक्यं आहेत, त्यातलं एकही तोंडात येईना.

किमभाऊ चढतच होता. भाऊ थांबत नव्हते, कारण वहिनी हुंकारा देत होत्या. वहिनी हुंकारा थांबवत नव्हत्या, कारण भाऊ सांगत होते. दोघांनाही कळलं होतं, याची मला खात्री आहे. भाऊंच्या हातातलं बोट गार पडायला लागलं होतं आणि वहिनींच्या हातात तिचे पाय होते. पण कोणी आधी थांबायचं? जो थांबेल त्याच्या हातून ती जाणार होती. आणखी एक मजला झाला. हं. आणखी एक. वॉर्डातल्या बाया आपापल्या खाटेवर उठून बसल्या होत्या. कोणी रडतही नव्हतं. त्या जिन्याला वरचा मजला लागूच नये असं मला वाटत होतं, आणि तो मजला आता जवळ आला होता, हे भाऊंच्या आवाजावरून समजत होतं.

मी वहिनींजवळ गेले आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"वहिनी," मी म्हटलं, "आता हं म्हणू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पदर तोंडात धरला, घट्ट. भाऊ सांगत होते की किमभाऊने गुडघ्यावर हात दाबून धरला आणि शेवटच्या पायरीवर पाय ठेवला. त्यांनी वाक्य पुरं केलं आणि हुंकाऱ्यासाठी थांबले.